पहिल्यांदा उमराहला जाताय? घरातून निघण्यापासून परत येईपर्यंतची उपयोगी माहिती



आपल्याकडे उमराहचा बेत बहुतेक वेळा अम्मी-अब्बांसाठी ठरतो. मुलगा कमावता झाला, मुलीचं लग्न पार पडलं, शेताचे किंवा ग्रॅच्युइटीचे पैसे हातात आले, की घरात विषय निघतो. मग ओळखीच्या टूरवाल्याला फोन होतो, पासपोर्ट त्याच्या हातात जातात आणि "बाकी सगळं तो बघेल" असं म्हणून घर निर्धास्त होतं. अडचणी इथेच सुरू होतात. टूरवाला तिकीट काढून देईल, हॉटेल देईल. पण अब्बांची शुगरची गोळी, अम्मीचा हरममध्ये चुकलेला रस्ता आणि शेजाऱ्याने दिलेलं पाकीट, ही जबाबदारी आपलीच असते.

अर्कान आणि दुआ शिकवणारी पुस्तकं आपल्या घराघरात आहेत. हा लेख प्रवासाच्या बाजूबद्दल आहे. ही तयारी घरी झाली तर तिथे मन इबादतीत लागतं.

कधी जायचं?

उमराह वर्षभर करता येते. मात्र हजच्या आधी काही आठवडे उमराहचे व्हिसे बंद होतात आणि हज संपल्यावर पुन्हा सुरू होतात. या बंदच्या काळात मक्केत घुसण्याचा प्रयत्न करू नका. २०२५ च्या हज मोसमात परवानगीशिवाय हज करू पाहणाऱ्यांसाठी सौदी सरकारने २०,००० रियालपर्यंत दंड जाहीर केला होता. कुणी "व्हिजिट व्हिसावर हज करून देतो" म्हणत असेल तर त्याच्यापासून लांब राहा.

रमजानमधल्या उमराहची फजिलत मोठी आहे, पण गर्दी आणि भाडंही त्या महिन्यात सर्वात जास्त असतं, विशेषतः आखरी अशऱ्यात. वयस्कर माणसं सोबत असतील आणि पहिलीच वेळ असेल, तर डिसेंबर ते फेब्रुवारीतल्या थंडीचे दिवस सोयीचे. मक्केत तेव्हा हवा सुखद असते, मदिनेत रात्री चांगलीच थंडी पडते, म्हणून स्वेटर-शाल न्यावी. जून ते ऑगस्टमध्ये मक्केत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. शाळेच्या सुट्टीत जाणं भाग असेल तर दुपारी बाहेर पडायचंच नाही असं घरूनच ठरवून जा.

टूरवाल्याला पैसे देण्याआधी

उमराहच्या नावाने फसवणूक झाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. स्वस्त पॅकेज, आगाऊ रक्कम, आणि जायच्या दिवशी फोन बंद. यात माणसाचे पैसे जातातच, पण गावात "मुबारक" घेऊन झालेल्या म्हाताऱ्या माणसाचा जीव किती कष्टी होतो, हे ज्याच्या घरात घडलं त्यालाच ठाऊक. म्हणून ओळख असली तरी पुढच्या गोष्टी लेखी घ्या:

- विमान थेट आहे की मध्ये थांबा आहे, थांबा किती तासांचा.
- मक्का आणि मदिना दोन्हीकडच्या हॉटेलांची नावं. "किंवा तत्सम हॉटेल" असं लिहिलं असेल तर खुलासा मागा.
- एका खोलीत किती माणसं. चार-पाच जणांच्या खोलीत अनोळखी लोक असणार की फक्त आपलं कुटुंब?
- जेवण किती वेळचं. जियारत, बस आणि लॉन्ड्री पैशात धरली आहे का.
- रद्द झाल्यास किती रक्कम परत मिळणार आणि किती दिवसांत.
- दर रुपयात ठरला आहे की रियाल वाढल्यावर फरक मागणार.

हॉटेलचं अंतर विचारताना फक्त मीटर विचारू नका. मक्का डोंगरांमध्ये वसलेलं शहर आहे. ५०० मीटर सपाटीवर वेगळे आणि अजयादच्या चढावर वेगळे. गुडघ्याचा त्रास असलेल्या माणसाला दिवसात पाच वेळा तो चढ झेपणार नाही. हॉटेलचं नाव घेऊन मोबाईलच्या नकाशावर स्वतः रस्ता पाहा. हॉटेल अजिजियासारख्या लांबच्या भागात असेल तर बस किती वाजेपर्यंत चालते, हे विचारा. फजरला आणि इशानंतर बस नसेल तर रोजचा टॅक्सीचा खर्च धरावा लागेल.

पैसे बँकेतून द्या आणि पावती घ्या. परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस कापला जातो. तो तुमच्या पॅन क्रमांकावर जमा झाला आहे ना, हे पाहा. आयकर विवरणपत्र भरताना ती रक्कम कराच्या हिशोबात धरता येते किंवा परत मागता येते. तिकीट हातात आलं की पीएनआर क्रमांक विमान कंपनीच्या वेबसाइटवर टाकून स्वतः खात्री करा.

पासपोर्ट आणि व्हिसा

पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने शिल्लक हवी. आपल्याकडे आधारवर एक नाव, पासपोर्टवर दुसरं, असा प्रकार पुष्कळ घरांत आहे. कुठे "शेख" पुढे, कुठे मागे, कुठे "बी" लावलेलं. तिकीट आणि व्हिसा दोन्हीवर नाव पासपोर्टप्रमाणे, अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे.

दहावी न झालेल्या वडीलधाऱ्यांच्या पासपोर्टवर ईसीआर शिक्का असतो आणि घरचे घाबरतात. ती मंजुरी सौदीत नोकरीसाठी जाणाऱ्यांना लागते. उमराहच्या व्हिसावर जाणाऱ्याला ती लागत नाही. परतीचं तिकीट आणि व्हिसाची प्रत मात्र त्यांच्या हातातल्या पिशवीत असू द्या.

उमराह व्हिसावर सौदीत ९० दिवसांपर्यंत राहता येतं. पण व्हिसावर दोन वेगळ्या गोष्टी लिहिलेल्या असतात: कोणत्या तारखेपर्यंत देशात शिरायचं आणि शिरल्यावर किती दिवस राहायचं. दोन्ही नीट वाचा. मुदतीपेक्षा एक दिवसही जास्त राहू नका. दंड होतो आणि पुढच्या वेळी प्रवेश बंद होऊ शकतो. या व्हिसावर काम करता येत नाही.

सौदी सरकारचं नुसुक नावाचं ॲप आहे. व्हिसा, परवाने आणि बदलते नियम त्यावर पाहायला मिळतात. टूरवाला काहीही सांगो, तिकीट काढण्याआधी ताजा नियम तिथे पाहून घ्या. मदिनेत रियाजुल जन्नामध्ये नमाज पढण्याची वेळही त्यातूनच घ्यावी लागते. घरातल्या एका तरुणाने हे ॲप सगळ्यांच्या पासपोर्टप्रमाणे निघण्याआधीच सुरू करून ठेवावं.

लस आणि औषधं

उमराहला जाणाऱ्यांना मेंदूज्वराची, म्हणजे मेनिंजायटिसची लस बंधनकारक आहे. चार प्रकारच्या जंतूंवर चालणारी ही लस सौदीत पोहोचण्याच्या किमान १० दिवस आधी टोचलेली असावी. तिचं सर्टिफिकेट लसीच्या प्रकारानुसार तीन किंवा पाच वर्षं चालतं, म्हणून अलीकडे जाऊन आलेल्यांनी जुनं सर्टिफिकेट तपासावं. "टोचायची गरज नाही, सर्टिफिकेट मिळवून देतो" असं कुणी म्हटलं तर नकार द्या. लाखोंच्या गर्दीत हा आजार झपाट्याने पसरतो आणि जीव घेऊ शकतो. सोबत फ्लूची लस घेतलेली बरी. तिथला खोकला घेऊन परत येणारे जायरीन आपण दरवर्षी पाहतो.

औषधांबाबत सर्वात जास्त काळजी घ्या. आपल्याकडे गल्लीतल्या मेडिकलमध्ये सहज मिळणाऱ्या काही गोळ्या सौदीत नियंत्रित औषधांत मोडतात. दुखण्यासाठीची ट्रामाडोल, कोडीन असलेली खोकल्याची औषधं, झोपेसाठी किंवा घबराटीसाठी दिली जाणारी अल्प्राझोलाम, नसांच्या दुखण्यावरची प्रीगाबालिन ही त्यातली नावं. अब्बांच्या गोळ्यांच्या डब्यात यातलं काही आहे का, हे डॉक्टरांना विचारा. गोळीच्या ब्रँडवरून कळत नाही, आतल्या औषधाचं नाव पाहावं लागतं. शक्य असेल तर डॉक्टरांकडून पर्यायी औषध लिहून घ्या. ती गोळी टाळता येत नसेल तर सौदी अन्न व औषध प्राधिकरणाची परवानगी आधी घ्यावी लागते.

बाकी औषधांसाठी साधे नियम:

- गोळ्या मूळ पाकिटातच न्या. सुट्या करून डबीत भरू नका.
- डॉक्टरांची सही-शिक्क्याची इंग्रजी चिठ्ठी सोबत ठेवा, त्यावर औषधाचं मूळ नाव आणि रोजचा डोस लिहिलेला असावा.
- मुक्कामापेक्षा आठवडाभर जास्त पुरेल एवढा साठा घ्या, पण सहा महिन्यांचा नको.
- इन्सुलिन आणि रोजच्या गोळ्या हातातल्या बॅगेत. मोठी बॅग चुकीच्या विमानतळावर गेली तर गोळ्याही जातात.

सौदी वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. शुगर-बीपीच्या गोळीची वेळ कशी बदलायची, हे निघण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

आणि चालण्याचा सराव. सफा ते मरवा एक फेरी साधारण ४५० मीटरची, अशा सात म्हणजे तीन किलोमीटरहून जास्त. त्याआधी तवाफचे सात चक्कर. वरच्या मजल्यावरून तवाफ केला तर अंतर कितीतरी वाढतं. महिनाभर आधीपासून अम्मी-अब्बांना रोज थोडं थोडं चालवा.

दुसऱ्याचं पाकीट नेऊ नका

२०१९ साली मुंबईचं एक जोडपं फिरायला कतारला गेलं. नातेवाइकाने दिलेल्या पाकिटात चरस निघाली. आत काय आहे हे त्यांना माहीत नव्हतं. दहा वर्षांची शिक्षा झाली आणि निर्दोष सुटून मायदेशी यायला २०२१ उजाडलं. बायको तेव्हा गरोदर होती, मुलगी तिथल्या तुरुंगात जन्मली.

सौदीत अंमली पदार्थांच्या तस्करीला मृत्युदंडापर्यंतची शिक्षा आहे. "मला माहीत नव्हतं" हे सिद्ध करायला वर्षं जातात. आपल्या गावात कुणी उमराहला निघालं की चार घरांतून पाकिटं येतात: जेद्दातल्या मुलासाठी लोणचं, भाच्यासाठी औषध, कुणासाठी तंबाखूची पुडी. नाही म्हणायला अवघड जातं, हे खरं. म्हणून आधीच सगळ्यांना सांगून टाका, "टूरवाल्याने मना केलंय." विमानतळावर रांगेतला अनोळखी माणूस "माझं वजन जास्त झालंय, एवढी पिशवी धरा" म्हणाला तरीही नाही. घरच्यांची बॅग घरच्यांनीच भरावी.

खसखस नेऊ नका. आपल्या मसाल्यात ती असते, पण सौदीत आणि दुबईसह संयुक्त अरब अमिरातीत तिला बंदी आहे. घरचा मसाला न्यायचा तर खसखस न घातलेला न्या. गुटखा, खैनी, पानमसाला घरीच सोडा. ताईत, गंडे, धागे यांवरून तिथे चौकशी होऊ शकते, तेही नको.

एहराम आणि मीकात

मुंबईहून थेट जेद्दाला उतरून मक्केला जाणार असाल तर मीकात विमानातच, उतरण्याच्या बऱ्याच आधी येते. विमानात घोषणा होते, पण डोळा लागला तर निघून जाते. म्हणून पुरुषांनी एहरामच्या चादरी घरी किंवा विमानतळावरच नेसाव्यात आणि नियत व तल्बिया मीकातच्या आधी करावी. एहराम मोठ्या बॅगेत टाकून बॅग काउंटरवर देण्याची चूक दरवर्षी कुणी ना कुणी करतं. तो हातातल्या बॅगेतच ठेवा.

आधी मदिनेला जाणार असाल तर विमानात एहराम लागत नाही. मदिनेतून मक्केला निघताना जुल-हुलैफा, म्हणजे अब्यार अली इथली मीकात लागते. बस तिथे थांबते. ट्रेनने जाणार असाल तर हॉटेलवरच गुस्ल करून एहराम नेसून निघा आणि नियत कुठे करायची, ते आलिमांना विचारून ठेवा. वयस्कर माणसांसाठी मदिना आधी हा क्रम बरा पडतो. प्रवासाचा थकवा उतरतो आणि मग ताज्या अंगाने उमराह होते.

बिनवासाचा साबण, कमरपट्टा आणि पायाच्या वरचं हाड उघडं राहील अशी मऊ चप्पल सोबत घ्या. शुगर असलेल्यांनी नवी चप्पल तिथे पहिल्यांदा घालू नये. रोज रात्री तळपाय पाहावेत. फोड आलेला कळत नाही आणि चार दिवसांत जखम होते.

जेद्दा, मक्का, मदिना: ये-जा

जेद्दा विमानतळापासून मक्का बसने किंवा टॅक्सीने साधारण तास-दीड तास. गर्दीच्या दिवसांत जास्त. स्वतः जाणाऱ्यांनी अधिकृत टॅक्सी किंवा ॲपवरची गाडी घ्यावी. बाहेर हात धरून बोलावणाऱ्या खाजगी गाड्या टाळाव्यात.

मक्का, जेद्दा आणि मदिनेला जोडणारी हरमैन एक्सप्रेस २०१८ पासून सुरू आहे. हा मार्ग साधारण ४५० किलोमीटरचा असून गाडी ताशी ३०० किलोमीटरपर्यंत धावते. मक्का ते मदिना सव्वादोन-अडीच तासांत होतं, बसला पाच-सहा तास लागतात. मात्र मक्केचं स्टेशन हरमला लागून नाही, तिथून टॅक्सी किंवा बस घ्यावी लागते. तिकीट ऑनलाइन आणि आधी काढलेलं स्वस्त पडतं.

हरममध्ये कुणी हरवू नये म्हणून

पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त होणारी गोष्ट म्हणजे चुकामूक. तवाफच्या गर्दीत हात सुटतो आणि अम्मी कुठे तरी वेगळ्याच दरवाजातून बाहेर पडते. फोन बॅगेत, हॉटेलचं नाव आठवत नाही, भाषा येत नाही. अशी माणसं तासन्‌तास रडत बसलेली दिसतात. हे टाळता येतं:

- प्रत्येकाच्या गळ्यात किंवा मनगटात हॉटेलचं नाव, खोली क्रमांक आणि दोन मोबाईल क्रमांक लिहिलेलं कार्ड. हॉटेलच्या काउंटरवर अरबीतलं कार्ड मिळतं, ते पहिल्याच दिवशी घ्या.
- भेटायची जागा दरवाजाच्या क्रमांकाने ठरवा. "घड्याळाच्या टॉवरखाली" म्हणू नका, तो टॉवर सगळीकडून दिसतो आणि खाली हजारो माणसं असतात. किंग अब्दुल अजीज दरवाजा क्रमांक १, किंग फहद दरवाजा क्रमांक ७९. उर्दू वाचणाऱ्या बुजुर्गांना हे आकडे ओळखता येतात.
- आत जाताना दरवाजाच्या पाटीचा फोटो काढा.
- ठरवून ठेवा: सुटलो तर शोधत फिरायचं नाही. आपापली उमराह पूर्ण करायची आणि ठरलेल्या दरवाजावर जाऊन बसायचं.
- चपला पिशवीत घालून जवळ ठेवा. दाराशी ठेवल्या तर परत मिळतीलच असं नाही.

तवाफ हजरे अस्वदच्या रेषेपासून सुरू होतो. त्या बाजूला हिरवा दिवा लावलेला आहे, चक्कर मोजायला तोच उपयोगी. खालच्या मताफमध्ये बहुतेक वेळा एहराममधल्या पुरुषांनाच सोडतात, म्हणून नफ्ली तवाफ साध्या कपड्यांत असेल तर वरच्या मजल्यावर जावं लागतं. व्हीलचेअर मोफतही मिळते आणि पैसे देऊन ढकलणारा माणूसही मिळतो. गणवेशातला अधिकृत माणूसच घ्या आणि दर आधी ठरवा. वरच्या मजल्यावर तवाफसाठी विजेच्या गाड्यांचीही सोय असते. अब्बांना त्यात बसवलं म्हणून सवाब कमी होत नाही. हट्टाने चालून दुसऱ्या दिवशी अंथरूण धरण्यापेक्षा ते बरं.

हजरे अस्वदचा बोसा घेण्यासाठी धक्काबुक्की करू नका. लांबून इशारा केला तरी तवाफ होतो. कुणाला इजा करून सुन्नत साधणं कुठल्याच आलिमाने सांगितलेलं नाही.

आपापला मसलक विचारून जा

कोकणातले आपले बरेच लोक शाफई आहेत आणि मराठवाडा, विदर्भ, खानदेशातले बहुतेक हनफी. एकाच टूरमध्ये दोन्ही असतात आणि मग तिथे वाद सुरू होतात. दोन गोष्टी घरीच विचारून घ्या.

पहिली वजूची. शाफई मसलकप्रमाणे गैरमहरम स्त्री-पुरुषाच्या उघड्या कातडीचा स्पर्श झाला तर वजू तुटतो, आणि या बाबतीत नवरा-बायकोलाही तोच नियम आहे. तवाफच्या गर्दीत हे टाळणं फार कठीण. आलिम यावर रस्ता सांगतात. तो आपल्या मस्जिदच्या इमामसाहेबांना निघण्याआधी विचारा.

दुसरी कसरची. हनफी मसलकमध्ये एका ठिकाणी १५ दिवसांपेक्षा कमी राहायचं असेल तर मुसाफिर कसर करतो. शाफई मसलकमध्ये येण्याचा आणि जाण्याचा दिवस सोडून चार दिवसांची मर्यादा आहे. हरममध्ये इमामाच्या मागे पढताना मात्र दोघेही इमामासोबत पूर्ण नमाज पढतात.

महिलांसाठी

सौदी सरकारने २०२२ मध्ये महरमशिवायही महिलांना उमराहला येता येईल असं जाहीर केलं आहे. हा व्हिसाचा नियम झाला. शरीयतच्या दृष्टीने महरमशिवाय जायचं की नाही, हे आपल्या आलिमांना विचारून ठरवा.

एहराममध्ये महिलांचे नेहमीचे सैल कपडे चालतात. चेहऱ्याला बांधलेला नकाब आणि हातमोजे मात्र चालत नाहीत. हैज आला तर घाबरू नका. एहराम कायम राहतो, पाक होईपर्यंत थांबायचं आणि मग तवाफ करायचा. दुआ आणि जिक्र चालूच राहतं. तारखा जुळत असतील तर तिकीट काढतानाच हे ध्यानात घ्या. पाळी पुढे ढकलण्याची गोळी मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नका. बीपी असलेल्या किंवा पायात रक्ताची गाठ होऊन गेलेल्या बायकांना त्यातून धोका असू शकतो. डॉक्टरांना महिनाभर आधी विचारा. पॅड आणि आतले कपडे पुरेसे न्या.

मदिना मुनव्वरा

रियाजुल जन्नाची परवानगी मोफत असते. ती पैसे घेऊन देणाऱ्यांच्या नादी लागू नका. पुरुष आणि महिलांच्या वेळा वेगळ्या असतात. परवानगी प्रत्येकाच्या नावावर लागते आणि ती सारखी सारखी मिळत नाही, म्हणून मिळालेली वेळ चुकवू नका. मोबाईल चार्ज ठेवा, दारात कोड दाखवावा लागतो. सलाम पेश करायला जाण्याचा रस्ता वेगळा आहे.

जन्नतुल बकी मस्जिदे नबवीच्या शेजारीच आहे. आत फक्त पुरुषांना सोडतात. कुबा, किबलतैन आणि उहुदची जियारत अर्ध्या दिवसात होते. कुबाला हॉटेलवरूनच वजू करून निघा, तशीच फजिलत आहे.

पैसे, फोन, जेवण

रियाल डॉलरला बांधलेला आहे, एक डॉलर म्हणजे ३.७५ रियाल. त्यामुळे रुपया डॉलरसमोर घसरला की रियालही महागतो. थोडे रियाल इथूनच परवानाधारक दुकानातून पावती घेऊन न्या. कार्ड बहुतेक दुकानांत चालतं, पण परदेशी वापर बँकेकडून आधी सुरू करून घ्यावा लागतो.

तिथलं सिमकार्ड विमानतळावर पासपोर्ट दाखवून, बोटांचे ठसे देऊन मिळतं. घरातल्या निदान दोघांकडे चालू फोन हवा. तिथलं सॉकेट जाड चौकोनी तीन पिनांचं असतं, आपला चार्जर बसत नाही. अडॅप्टर घ्या.

आपल्यासारखं जेवण देणारी हॉटेलं दोन्ही शहरांत आहेत. एका प्लेटमध्ये दोघांचं भागतं. झमझम हरममध्ये थंड आणि साधं असं दोन्ही मिळतं. खोकला असलेल्यांनी साधं प्यावं.

अडचण आली तर

- रुग्णवाहिका: ९९७. मक्केत आपत्कालीन मदतीसाठी ९११.
- हज व उमराह मंत्रालयाची मदतवाहिनी: १९६६.
- पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत नोंद, मग जेद्दातला भारतीय वाणिज्य दूतावास. पासपोर्ट आणि व्हिसाच्या झेरॉक्स वेगळ्या बॅगेत, फोटो मोबाईलमध्ये आणि एक संच घरी ठेवा.

उमराह व्हिसाच्या शुल्कात आपत्कालीन उपचारांचा विमा असतो. म्हणून छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर "खर्च किती होईल" म्हणून खोलीत पडून राहू नका.

बोलायला जड, पण बोलून ठेवावी अशी एक गोष्ट आहे. तिथे इंतिकाल झाला तर बहुतेक घरांची इच्छा तिथेच दफन व्हावं अशी असते. त्यासाठी वारसांची संमती आणि दूतावासाची कागदपत्रं लागतात. वडीलधाऱ्यांची इच्छा आणि वसीयत निघण्याआधी घरच्यांना माहीत असावी. कर्ज आणि अमानत फेडून, माफी मागून निघण्याची आपल्याकडची रीत याचसाठी आहे.

परतताना

झमझम विमानतळावर मिळणाऱ्या पाच लिटरच्या सीलबंद खोक्यातच आणा. बॅगेत कपड्यांमध्ये बाटल्या लपवल्या तर बॅग उघडून काढून टाकतात. विमान कंपनी किती खोकी नेऊ देते, ते तिकिटावर पाहा. खजूर मदिनेत घ्या, पण बॅगेचं वजन हॉटेलवरच करा. सोनं घेतलं तर पावती जपा आणि आपल्या कस्टमची मर्यादा आधी पाहून ठेवा.

निघण्याच्या आदल्या रात्री

हातातल्या बॅगेत हे आहे ना, मोठ्याने वाचून तपासा: पासपोर्ट, व्हिसा, परतीचं तिकीट, लसीचं सर्टिफिकेट, औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी, एहराम, रियाल, चार्जर, गळ्यातलं कार्ड, चष्मा. आणि बॅगेत दुसऱ्याचं काहीही नाही ना, हेही.

ज्यांच्या घरून कुणी निघालं आहे, त्यांनी हा लेख अम्मी-अब्बांना नुसता पाठवू नये, शेजारी बसून वाचून दाखवावा. अल्लाह तआला सर्वांची उमराह आसान करो आणि कबूल करो. तिथे पोहोचल्यावर आम्हालाही दुआत याद ठेवा. आमीन.